चष्म्याच्या डबीतला कागद

डायलिसिसची वाट बघत बसलेल्या शिंप्याचे कान शेजारच्या बाकाकडेच होते. तिथे आहारतज्ज्ञ एका म्हाताऱ्या जोडप्याचा रिपोर्ट बघत होती.

"मावशी, काकांचं पोटॅशियम पुन्हा वाढलंय. काय खायला देता?"

"भाज्या उकळून पाणी फेकते. मीठसुद्धा मुद्दाम कमी सोडियमचं आणते!"

"अहो, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियमच घालतात! यांना ते विषासारखं."

"मग इतके दिवस मूग गिळून का बसलात?"

"कागदावर लिहून दिलं होतं. काकांकडे."

मावशी नवऱ्याकडे वळली. "अहो, कुठाय कागद?"

"चष्म्याच्या डबीत. जपून ठेवलाय."

"दोन महिने?"

"तूच म्हणतेस, स्वयंपाकात लुडबुड करू नका."

"ऐकलंत, बाई? रांधते मी, आणि कागद यांना देता? मिठाचा डबा कुठला, तेसुद्धा यांना अजून ठाऊक नाही!"