गुंडोचं पातं

— धरून बसू नका हो, द्या इकडे. बसा की साहेब, त्या स्टुलावर बसा, लोखंडाची भुकटी आहे स्वल्प, जराशी, ती झाडून घ्या. धार टिकत नाही म्हणता? एकदा दाढी झाली की दुसऱ्या दिवशी ओढतो? — थांबा, कुणी केलाय हा वस्तरा ते सांगू नका. मूठ बघितली, कळलं. काळं शिंग, त्यात पितळी तारेची वेल, आणि वेलीच्या टोकाला ही एवढीशी कळी, अर्धी उमललेली — पुरं फूल तो कधी काढत नाही. गुंडोची मूठ. गुंडो माझा कोण? कोणी नाही. म्हणजे — निपाणीला म्हशीच्या शिंगाचे कंगवे करायचा, मीच बेंगळूरला आणला त्याला, याच शेडमध्ये. या नागनाथनं पातं करायचं, गुंडोनं मूठ. असं ठरलं होतं.

पातं करणं म्हणजे काय, ठाऊक आहे? तुम्ही विमानांच्या कारखान्यातले, तुम्हाला मशीन सगळं करून देतं. इथं जुन्या कानशीचं पोलाद आणि मऊ लोखंड थरावर थर ठेवायचं, भट्टीत तापवायचं, घणानं एकजीव करायचं, दुमडायचं, परत भट्टीत. मग घासून तेजाबात बुडवलं की अंगावर लहरी उठतात, तळ्यावरून वारा गेल्यासारख्या. हे हात बघा माझे. आणि गिऱ्हाईक काय करायचं? वस्तरा घेतला की आधी मूठ! 'वा, काय वेल काढलीय!' प्रतापराव म्हणून घोडदळातले एक बडे अधिकारी होते, त्यांनी जावयाला द्यायला खास वस्तरा करून घेतला. त्या पात्यासाठी मी सगळा पावसाळा राबलो. प्रतापराव आले, वस्तरा बघितला, डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या, आणि म्हणाले, 'हा कलावंत कोण?' — मी ऐरणीपाशी काळाठिक्कर होऊन उभा — आणि त्यांनी गुंडोचा हात धरला. दोन्ही हातांनी. गुंडो म्हणत होता, 'साहेब, पातं अण्णांचं आहे' — म्हणत होता, नाही असं नाही. पण असं म्हणणाऱ्याचंच कौतुक जास्त होतं ना! 'केवढा विनय!' म्हणाले.

घरी तरी काय वेगळं? माझ्या बायकोला, चंपाला, त्यानं शिंगाचा कंगवा करून दिला, पोपट कोरलेला. अजून केसांत खोवते, लग्नाला खोवते, बाजाराला जाताना खोवते. मी तिला विळीला पातं करून दिलं, तेही लहरींचं — असली विळी राजवाड्यात नसेल. तिच्यावर भोपळा चिरते. विचारलं, कशी आहे? म्हणते, 'सरी आहे की, ठीक आहे, कापते.' कापते! — ते जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे.

मग एक दिवस गुंडो म्हणाला, 'अण्णा, मला भट्टी शिकवा.' का शिकवायची? मूठ त्याची, वाहवा त्याची, आता पातंही त्याचं? मग मी कोण, भाता ओढणारा? गेला यशवंतपूरकडे, स्वतःची शेड टाकली. सुरुवातीची पाती तापवून पाण्यात बुडवली की तडकायची त्याची. मी विचारायला जात नव्हतो हां, त्या रस्त्यानं माझं जाणं व्हायचं, कोळसा आणायला — कोळसा इथंही मिळतो, पण तिकडचा बरा असतो. — हसताय का?

आता बघू, गुंडोरायांनी काय दिवे लावलेत. धार टिकायची नाहीच, पाणी नीट दिलेलं नसणार, ते काय वेली काढण्याइतकं सोपं आहे? उजेडाकडे या. — लहरी... हं. लहरी आहेत. नखानं वाजवतो, ऐका. — परत वाजवतो. — जरा गप्प बसा. — पात्याची ही घासून काढलेली पोकळी बघा, दोन्ही अंगांनी सारखी उतरलीय. दगडावर दोन हात मारतो, आता चामड्याच्या पट्ट्यावर. मनगटावरचा केस — गेला. हा पण गेला. नुसता टेकवला हो मी. — पण धार जाते म्हणता ना तुम्ही? मग चूक असणारच कुठंतरी. असायलाच पाहिजे. मिटून बघतो — हां! ऐकलंत? कर्र! शिंग फिरलंय, साहेब! मुठीची एक पट्टी आत वाकलीय, मिटताना धार तिला घासते, मग टिकेल कशी? गुंडोची मूठ वाकडी! चंपाला सांगितलं पाहिजे! गुंडोची मूठ —

पातं? पात्यात काही नाही. सांगितलं की, शिंग फिरलंय. इथल्या दमट हवेत कुणाचंही शिंग फिरतं, त्याची काय चूक? मला मुठीतली चूक नको होती हो.

काय म्हणालात? गुंडोनंच पाठवलं? मगाशी का नाही सांगितलंत? काय म्हणाला — 'अण्णांना दाखवा, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका'? पण फिरलेलं शिंग गुंडोला चार हातांवरून दिसलं असतं. त्याला दिसणार नाही? मिटताना ऐकू येणार नाही? मग हे मुठीसाठी नाही पाठवलेलं त्यानं. हे —

घ्या तुमचा वस्तरा. नको, काही देऊ नका. शिंगाला मी हात लावत नाही, त्याच्याकडूनच सरळ करून घ्या. मूठ वाकलीय असं अण्णा म्हणाले, सांगा. — हो, पात्याचं विचारेल की. पहिलं तेच विचारेल, दारातच विचारेल, हातातलं काम टाकून. तेव्हा सांगा, पात्याबद्दल अण्णा काही बोलले नाहीत.

एक शब्द बोलले नाहीत म्हणावं, कळेल त्याला. या आता.