कार्डाची काही चूक नव्हती

सौंसरच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावरच्या मामा-भाचीचं बोलणं कानावर आलं.

"चंचल, नोकरी तं नाही ना गेली?"

"नाही मामा, फक्त अब्रू गेली."

"केलं काय तू?"

"कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डासाठी प्रोग्राम लिवला, त्याले ड्रायव्हर म्हणते. तो कार्डाले मेमरीत जागा देते, अन् कार्ड प्रोसेसरले न इचारता आलेला डेटा थेट तिथं ठेवते."

"मंग बिघडलं कुठं?"

"एकदा कार्डाले उशीर झाला. माह्या ड्रायव्हरनं वाट पाहणं सोडलं अन् ती जागा दुसऱ्या प्रोग्रामले देऊन टाकली."

"अन् कार्डाले थांब म्हणून सांगतलं?"

"तेच राहिलं ना! कार्डानं मागून येऊन त्या दुसऱ्याच्याच डेटावर लिवलं."

"अन् तू तं तीन हप्ते कार्डवाल्या कंपनीशी भांडून राहिली होती!"

"तुमचं कार्ड भंगार आहे, असे सोळा मेल धाडले. आज त्यांच्याच इंजिनिअरपुढं सांगाचं आहे, भंगार मीच लिवलं होतं."

"मी इचारलं होतं तुले, तुह्याच प्रोग्राममधी तं काही नसन ना म्हणून."

"मंग मी काय म्हटलं?"

"म्हणे, मामा, तुमाले यातलं काही समजत नाही."

"गाडी लागली, बॅग द्या. त्यांची माफी नागपुरात मागतो, तुमची इथंच मागून घेतो."