माझं चांगलं सांगणारा कागद

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. मी तेव्हा ठाण्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होतो. नव्या साहेबाने हुकूम काढलेला, वर्षभरात आपण काय चांगलं काम केलं ते प्रत्येकाने लिहून द्यायचं. त्यावरून ठरणार, कोण कायम आणि कोण घरी.

मला कुठे लिहिता येतं? कल्याणला आमच्या चाळीत शेजारचे दामूअण्णा सगळ्यांची पत्रं लिहायचे. ते टाक घेऊन बसले. "हं, बोल."

आपल्याच तोंडाने आपलं चांगलं कसं सांगायचं? मी आपला हजेरीचा नंबर तेवढा सांगितला.

"राहू दे, तू गप्प बस," म्हणाले, आणि कामावरच्या माझ्याबरोबरच्या तिघांना बोलावलं.

"कधी खाडा केला नाही हो त्याने."

"वाफेत हात घालून मला बाहेर ओढलं."

"कुणाला उणा शब्द नाही."

सगळे मान खाली घालून हळू आवाजात बोलत होते. मी म्हटलं, "अरे, मी इथेच आहे ना!" कुणी वर बघितलं नाही. तेवढ्यात बायको नळावरून आली. तो सूर ऐकला, आणि हंडा टाकून तिने हंबरडाच फोडला. मी समोर उभा राहिलो, तरी तिला दिसायला वेळ लागला.

त्या कागदावर मी कायम झालो. पेढे घेऊन दामूअण्णांकडे गेलो. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "सगळं नाही लिहिलं रे. एक गोष्ट राखून ठेवलीय. ती तुझ्या दहाव्याला सांगेन."