बाबांची दुर्बीण आणि माझा गरम पट्टा

नाही, मी म्हणतो, दव पडतं तर पडू दे ना, वरून फुकट पडतं, कुणाचं काय जातं... पण ते नेमकं आमच्या बाबांच्या दुर्बिणीवरच का पडावं? आणि पडलं ते पडलं, त्याचा ठपका माझ्यावर का? तुम्हाला सांगतो, दिवेलागण झाली की बाबा गच्चीत, डोळा दुर्बिणीला, आणि तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "पुसट दिसतंय!" जसा काही मीच वर जाऊन शनीवर फुंकर मारून आलोय!

आता बाबा कोण, तर नकाशे काढणारे. जन्मभर ड्रॉइंग बोर्डासमोर. केसाएवढी रेघ हलली की कागद टराटरा फाडायचे, आणि मी कागद नसल्यामुळे वाचलो. माझी वही असो, मी भिंतीत ठोकलेला खिळा असो, शेरा एकच, "वाकडं आहे." माझ्या बायकोला पहिल्यांदा भेटले तेव्हा तिला म्हणाले, "मुलगी सरळ दिसते," आणि माझ्याकडे बघून नुसता उसासा! आयुष्यात एकदा, एकदाच हो, या माणसाच्या तोंडून 'जमलं तुला' ऐकायचं होतं, म्हणून मी दवाच्या मागे लागलो.

काच गार पडली की दव धरतं, म्हणून नळीच्या तोंडाभोवती गरम पट्टा गुंडाळायचा, आणि त्याला ऊब किती द्यायची ते ठरवणारी एक डबी. विकत मिळते? मिळते की! पण मग 'जमलं तुला' कुणाला म्हणणार, दुकानदाराला? झालं! बायकोचा प्लॅस्टिकचा डबा पळवला, तापल्या स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडली, सोल्डरिंग करताना बोट भाजलं, बोटावर फुंकर घालेपर्यंत वायर जळली... बायको म्हणते, "अहो, माझ्या डब्याला भोकं? आता यात काय भरू, तुमची अक्कल? तीही गळून जाईल!" आणि तो सुटे भाग विकणारा, दात काढून, "साहेब, पुन्हा जाळलंत? तुम्ही येऊ नका, मी इथंच जाळत जातो, तुमची फेरी वाचेल!"

लावला पट्टा. "पुसट दिसतंय!" ऊब वाढवली. "पुसट दिसतंय!" आणखी वाढवली, तर नळीच्या तोंडाची प्लॅस्टिकची कड वितळून ओघळली, आणि बाबा, "आता वासही येतोय, आणि पुसटही दिसतंय!"

बरं, आपण स्वतः बघावं, तर ती सोय नाही! दुर्बीण बाबांना ऑफिसने निवृत्तीला दिलेली, तिला दुसऱ्या कुणी डोळा लावायचा नाही. त्यांना पुसट दिसलं की विषय संपला, वर फडकं, चला खाली. पण एका संध्याकाळी बाबा शिंकायला चार पावलं बाजूला गेले, दुर्बिणीजवळ शिंकायचं नाही ना, शिस्त! आणि मी चोरून डोळा लावला. काय सांगू... शनी! कडी! लख्ख! ओरडलोच, "बाबा, दिसतंय की!" बाबांनी मला ढकलून डोळा लावला. "पुसट." मी काच बघतो, ठणठणीत कोरडी. पुन्हा बाबांकडे बघतो... आणि मागून बायको, हळूच, "अहो, दव दुर्बिणीवर नाहीये."

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, पिकलेला! डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "इतके दिवस काय करत होतात?" काय सांगू? पट्टा तापवत होतो, डॉक्टर! परत येताना रिक्षात बाबांनी एकच विचारलं, "माझे शेवटचे नकाशे... तेही वाकडे गेले असतील का रे?" तुमच्यापासून काय लपवायचं, मला आधी हसू आलं. मग फार वाईट वाटलं. पण आधी हसू आलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेले बाबा गच्चीत बसले, चाचपत चाचपत दुर्बिणीवर हात ठेवला, आणि म्हणाले, "ऊब मात्र बरोबर आहे हं. जमलं तुला." तुम्हाला सांगतो, मी जिन्यात जाऊन रडलो. घोडा झालोय एवढा, पण हुंदके देऊन रडलो! बायको म्हणाली, "डोळे पुसा. अजून बघितलंय कुठे त्यांनी?"

पट्टी सुटली. बाबांनी डोळा लावला. मग कापऱ्या आवाजात, "स्वच्छ दिसतंय." मी पुढे सरकलो, म्हटलं आता पाठीवर हात पडणार... तर नजर शनीवरून नळीवर, नळीवरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून डबीवर. "हे तू केलंयस?" म्हटलं, "हो बाबा." "भोकं एका रेषेत नाहीत. वायरी लोंबतायत. झाकण वाकडं आहे!" डबी उपटून माझ्या हातात. "सगळं उसव. परत कर." आणि मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "आणि तू एवढा सुटलास कधी?"

काल डॉक्टरांचा फोन आला, "डाव्या डोळ्याचंही उरकून टाकू, केव्हा आणताय?" म्हटलं, डॉक्टर, घाई काय आहे... राहू द्या हो तेवढा! बाबांचा तेवढाच एक डोळा माझ्या बाजूने आहे.