पाव्हण्याचा मध

सोमारी : डबा वापस काऊन आणला, करिश्मा? पसंद नाई पडला का मध?

करिश्मा : खायाले नेलाच नव्हता ना बाई. कॉलेजात तपासाले नेला होता. जरासाच लागला, उरलेला तुमचा तुम्हाले आणला.

सोमारी : चंद्रपुरावरून खालच्या जिवतीच्या सडकेपर्यंत बस, मंग वर आमच्या गुड्यापर्यंत पायी, एवढ्या डब्यासाठी? अन् तोंड काऊन असं उतरलं?

करिश्मा : तुमच्या मधानं काम केलं नाई.

पत्रू : म्हंजे?

करिश्मा : पत्रूभाऊ, लॅबमंधी काचेच्या बशीत आम्ही जखमेतले जंतू वाढवतो. मधोमध बारीक खड्डा करतो अन् पाण्यात कालवलेला मध त्यात टाकतो. मधात दम असला का खड्ड्याभोवती जंतू वाढत नाई, साफ गोल जागा दिसते. सात गावचा मध तपासला. कोणाचा गोल लहान, कोणाचा मोठा. तुमच्या बशीत गोलच नाई. तीनदा करून पाह्यलं.

सोमारी : घ्या. सात गावात आम्हीच नापास.

करिश्मा : सर म्हणे, हा नमुना काढून टाक. सोमवारी प्रबंधातल्या नमुन्यांची यादी पक्की होते. अन् हसले. म्हणे, तुझ्या बाबाचा हात आपोआपच बरा झाला असंल.

पत्रू : आपोआप?

सोमारी : त्या सरले म्हणा, म्या पाह्यला तो हात. खालच्या सडकेवर बसच्या रेडिएटरचं झाकण उघडलं तुझ्या बापानं, नागसेनभाऊनं, अन् वाफेनं कोपरापर्यंत सालटं निघालं. इथीच बसवला होता त्याले, या खाटेवर. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला, पण आमच्याकडं येणं सोडलं नाई. तिकडची गोळी खाये, इकडचा मध लावे. पंधरा दिवस. शेवटी डॉक्टरही म्हणे, लावत राहा.

करिश्मा : मले माहीत नाई का? त्याच हातानं बाबांनी पुन्हा स्टेअरिंग धरलं, म्हणून मी शिकली. तुमच्यासाठीच हा विषय घेतला मी, बाई. आता तुमचाच मध यादीत नसला तर बाकीचं लिहून काय करू?

सोमारी : अन् तुले तर म्या नागसेनभाऊपेक्षा चांगला देल्ला होता. डायवरची लेक पहिल्यांदा घरी आली. म्हटलं, डब्यात मेण दिसू नये, मुंगीचा पाय दिसू नये. चुलीवर चांगला उकळवला, पातळ कपड्यातून दोनदा गाळला. कसा काचेवानी झाला होता.

करिश्मा : उकळवला?

सोमारी : मंग? व्यापारीही तसाच मागते. आंबत नाई म्हणे.

करिश्मा : बाबाले लावला तोही उकळवला होता?

सोमारी : तो काऊन उकळवीन? तो जखमेचा.

पत्रू : माझी माय मंगली. तिची रीत होती. आगीजवळ गेलेला मध खायाचा, लावायाचा नाई. जखमेचा कपड्यात टांगायाचा, आपल्या मनानं ठिपकू द्यायाचा. वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीपासून दूर लटकवायाचा. तो पाहा, तिकडं आड्याले.

करिश्मा : काऊन पण, भाऊ? काही सांगतलं होतं मायनं?

पत्रू : काऊन ते नाई सांगतलं. तू शिकली, तू सांग.

करिश्मा : माशी मधात आपल्या तोंडातला एक रस टाकते. जखमेचं पाणी लागलं का त्या रसानं मधात हळूहळू औषध बनते. दवाखान्यात फेस येणारं पाणी टाकतात ना जखमेवर, तेच, पण थोडं थोडं. मध उकळवला का तो रस मरते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, बाई. फारमवर झाड लिहिलं, महिना लिहिला, माशी लिहिली. चुलीचं विचारलंच नाई.

सोमारी : म्हंजे म्याच मारला त्याले. पाव्हणी म्हणून.

करिश्मा : नाई बाई, असं नका म्हणू. तो तुंब्यातला कोणत्या मोहोळाचा?

पत्रू : त्याच. येनाच्या झाडावरचं आग्या. अर्धा हिनं उकळवला, अर्धा म्या टांगला.

करिश्मा : त्याच मोहोळाचा? आज गुरुवार. बशीले एक रात लागते. दोन चमचे द्याल?

पत्रू : तुंबाच ने.

(पुढच्या रविवारी. तेच अंगण.)

सोमारी : मोबाईल सरळ धर, मले उन्हात दिसत नाई.

करिश्मा : हे पाहा. दोन बशा. डावी तुमच्या चुलीवरच्या मधाची. उजवी तुंब्यातल्या.

सोमारी : उजवीत बोराएवढं साफ हाय.

करिश्मा : तोच गोल. तीनही वेळा आला. सर किती वेळ बशी हातात धरून बसले. मंग म्हणे, दोन्ही ठेव. मोहोळ एक, माशी एक, फरक फक्त चुलीचा. असा जोडा मागून भेटत नाई. बाई, तुम्ही माझ्यासाठी उकळवला नसता तर आमच्या हाती हे आलंच नसतं. तुमचे उपकार मी कसे फेडू?

सोमारी : चुकीचे कुठी उपकार असतात, पोरी?

करिश्मा : असतात. सरनं बाबाले नमस्कार सांगतला. म्हणे, हसलो ते चुकलं माझं. अन् आभाराच्या पानावर मी तीन नावं लिहिली. पत्रू, सोमारी, मंगली.

पत्रू : मायचं बी?

करिश्मा : रीत तिची ना, भाऊ.

पत्रू : राशनकार्ड सोडून तिचं नाव कुठी लिहिलं नव्हतं. वाचून दाखव बरं एकदा.

करिश्मा : «जखमेचा मध आगीपासून दूर ठेवण्याची रीत मंगली यांची. त्यांच्या घरच्यांनी ती सांभाळली, म्हणून हे काम झालं.»

पत्रू : पुन्हा वाच.

सोमारी : वाचंल ती, पण खाली हॉर्न वाजून राह्यला. बापाची बस आली वाटते. थांब, हा डबा घे. त्याले दे.

करिश्मा : बाई, हा तुंब्यातला का?

सोमारी : नाई. काल उकळवला, दोनदा गाळला. लावायाले आता काय लागलं त्याले? खाऊ दे म्हणा.