चिंचेवरचं दगडफूल

झुलेखा : अब्बा, माझा दगडफुलाचा तक्ता कुणी गुंडाळून ठेवला?

रहिमान : मीच. उद्या कॉलेजात नुसता बेडकाचा ने. पिवळाजर्द, काळे पट्टे. कसा उठून दिसतो!

झुलेखा : प्रदर्शनात दोघांची तुलना मांडायची आहे. एकटा बेडूक नेऊन काय करू?

रहिमान : मसाल्यातलं दगडफूल आन् विषारी बेडूक! ह्यांची कसली सोयरीक?

झुलेखा : हेच तर दाखवायचंय. बेडकाचं सरळ आहे. एक प्राणी, एक नाव. दगडफुलात बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात. अन्न शेवाळ तयार करतं आणि नाव लागतं बुरशीचं.

रहिमान : मंग आमच्या कंपनीवानीच की.

झुलेखा : चेष्टा नको, अब्बा.

रहिमान : चेष्टा न्हाई, पोरी. उद्या बक्षिसं वाटायला आमचे सायब येणार हायेत. तुला कंपनीच्या लॅबात घेतो म्हनलेत. माझा जलम भट्टीपुढं गेला, तू तरी पांढरा कोट घाल. आन् तू लिवलंस काय? भट्टीच्या धुरानं दगडफूल मेलं! सायबाच्या तोंडावर?

झुलेखा : मेलंच आहे ते. डोंगरावरून दगडफूल चढलेल्या फांद्या आणून मी इथल्या झाडांना बांधल्या होत्या. एकीवरचंही जगलं नाही. डोंगरावरचं अजून हिरवं आहे.

रहिमान : बेडूक बी मरतोयच की. त्याचं लिव.

झुलेखा : लिहिलंय. त्याचं जंगल तोडतात, ते राखा म्हणून. साहेब टाळ्या वाजवतील. सातासमुद्रापलीकडचं जंगल राखायला इथलं धुराडं थोडंच बंद करावं लागतं!

रहिमान : त्याच्या अंगात विख तरी हाय. कुनी वाटंला जात नसंल.

झुलेखा : आणि रंगानं तो आधीच बजावतो. दगडफूल बिचारं काहीच बोलत नाही. हवा नासली की गुमान मरतं. मला चीड येते त्याची.

(रहिमानला खोकल्याची उबळ येते. बराच वेळ थांबत नाही.)

झुलेखा : पाणी घ्या.

रहिमान : ऱ्हाऊ दे. त्या फांद्या... कुठल्या झाडांना बांधल्या व्हत्यास?

झुलेखा : पहिली भट्टीमागच्या चिंचेला. कुंपणाबाहेरच्या.

रहिमान : आमी डबा खायला बसतो, ती चिंच?

झुलेखा : तीच. म्हणून तर लिहिलं, अब्बा.

रहिमान : बेडूकच ने, पोरी. तुझी नोकरी पक्की झाली, की मी डबा दुसरीकडं खाईन.