मिस्साच्या आधीचा अर्धा तास

बोरीवलीत चर्चकडे जाणाऱ्या रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या.

“मिस्साला अर्धा तास आहे, ब्रिजिट. एवढी घाई कसली?”

“आधी जाऊन मन शांत करायचं असतं गं.”

“होतं का?”

“कसलं! गुडघे टेकले की डोळे जावेला शोधतात. ती दिसली की मी चार बाकं लांब बसते.”

“का?”

“शेजारी बसलं तर मिस्सात एकमेकींना ‘शांती असो’ म्हणताना हात मिळवावा लागेल ना! दोन वर्षं बोलत नाही आम्ही.”

“म्हणजे तू जागा पकडायला लवकर जातेस.”

“हो ना! आणि गेल्या रविवारी ती आलीच नाही, तर सगळी मिस्सा मी दाराकडे बघत बसले.”

“मग आज?”

“आज पर्स ठेवून शेजारी तिची जागा धरणारेय. ती आल्यावर पर्स उचलायला हात पुढे झाला म्हणजे मिळवली!”